थ्रेलचा उतार

टेडस्टो, श्रॉपशर
सोमवार, ३० जुलै १९३४

प्रिय डॉर्कस,

पोचलो, जिवंत आहोत, आणि माझं नाक उन्हाने सोलून निघालं आहे. तू दिलेली मोठ्या काठाची टोपी मी घातली नाही. घे, आता ओरड.

तीन दिवसांत ऐंशी मैल झाले. सायकल क्लबातली तरणी पोरं एवढं अंतर एका दिवसात तोडतात, पण आम्हाला कुठे जायची घाई आहे? वाटेत ओढा दिसला की पाय बुडवायचे, कुंपणाला रानबेरी लागलेल्या दिसल्या की उतरायचं, आणि चार वाजले की चहाचं घर शोधायचं. लग्नाला सात आठवडे झाले, पण नवऱ्याबरोबर दिवसभर असायची ही पहिलीच वेळ. कारखान्याच्या भोंग्याशिवायचा लेनर्ड मी प्रथमच बघते आहे.

बघते म्हणजे त्याची पाठच. टँडेमवर, म्हणजे दोघांच्या सायकलवर, पुढे लेनर्ड, मागे मी. हँडल त्याचं, ब्रेक त्याचे, रस्ताही त्याचाच. मी पायडल मारायचं आणि त्याच्या शर्टाच्या शिवणी मोजायच्या. मागे बसणाऱ्याला नियम दोनच: अंग झुकवायचं नाही, आणि पुढच्याला सांगितल्याशिवाय पाय सोडायचे नाहीत. “मागचं माणूस म्हणजे पोतं,” क्लबात म्हणतात, “फक्त पायडल मारणारं.” लेनर्डला हा विनोद आवडत नाही. सायकल त्याने शेडमध्ये स्वतःच्या हाताने बांधली आहे आणि तिला तीन ब्रेक लावले आहेत. लोकांना दोन पुरतात. “तिसरा कुणासाठी?” मी विचारलं. “माझ्यासाठी,” म्हणाला.

आज इथे मिसेस गॅमिजकडे चहा घेतला. हॅम, उकडलेली अंडी, आलुबुखारचा मुरंबा, आणि किटली रिकामी होण्याआधीच भरलेली. चहा झाला की सायकलवाल्यांनी पाहुण्यांच्या वहीत नाव, गाव आणि एक ओळ लिहायची असते. न लिहिता उठणं म्हणजे चहाला नावं ठेवणं. लेनर्ड बाहेर साखळी बघत होता, म्हणून मी मागची पानं चाळत बसले. तर १४ जुलै १९२९ ला लिहिलंय: “लेनर्ड पास्क, आयव्ही पास्क, केटरिंग. हॅम उत्तम, नवरा बरा.” ओळ बाईच्या अक्षरात आहे. पण वरचं लेनर्ड पास्क ज्या अक्षरात आहे, त्याच अक्षरात मला दोन वर्षं पत्रं येत होती.

मी वही त्याच्यापुढे धरली. म्हटलं, “काय रे, ही आयव्ही कोण?” त्याने बघितलं न बघितलं आणि वही मिटली. “दुसरा कोणी पास्क असेल.” बस. अक्षरं काय, माणसांची जुळतातच. मी हसण्यावारी नेलं.

एक बदल आहे. वाय नदीकडे जायचं होतं ते रद्द. लेनर्ड म्हणतो थ्रेलला जाऊ. तेव्हा पत्रं अशी पाठव: गुरुवारी बेक्सकूम पोस्ट, शनिवारी वरचं थ्रेल. मग सोमवारी बँक हॉलिडेची सुटी, आणि मंगळवारी खालचं थ्रेल. पाकिटावर “घ्यायला येईपर्यंत ठेवावे” असं लिही.

तुझी,
एनिड


लेस्टर
मंगळवार, ३१ जुलै
(बेक्सकूम पोस्ट)

लाडके एनिड,

टोपीबद्दल नंतर बोलू.

पास्क हे आडनाव म्हणजे काही स्मिथ नाही, दर कुंपणाआड उगवायला. त्यातून लेनर्ड पास्क. त्यातून त्याच्याच अक्षरात. पहिलीच्या मुलांना मी वीस वर्षं शिकवते आहे, आणि पाटी लपवणारं पोर कसं दिसतं ते मला ठाऊक आहे. पाटी बघायच्या आत पालथी घालतं.

तुला आवडणार नाही, तरी लिहिते. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, तेवढा हक्क मला आहे. लग्नात त्याच्या बाजूचं एकही माणूस नव्हतं. ना आई, ना काका, ना एखादा शेजारी. मी विचारलं तर म्हणाला, “आता कोणी उरलं नाही.” चॅपेलच्या नोंदवहीत त्याने “अविवाहित” लिहून खाली सही केली. सही करताना पेन दोनदा शाईत बुडवलं. मला वाटलं, घाबरलाय बिचारा. बायकोवाला माणूस अविवाहित म्हणून सही करतो तेव्हा त्याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. तिच्याशी काडीमोड झाला असेल, नाहीतर ती जिवंत असेल. नाहीतर तिसरं काहीतरी.

केटरिंग इथून गाडीने तासाभरावर आहे. शाळेला सुटी आहे. गुरुवारी जाऊन येते.

तोवर त्याला काही विचारू नकोस आणि त्याच्याशी भांडू नकोस. तू माझं कधी ऐकलं नाहीस, टोपीपासून लग्नापर्यंत. एवढं एक ऐक.

डॉर्कस


बेक्सकूम
गुरुवार, २ ऑगस्ट

डॉर्कस,

तुझं पत्र पोस्टाच्या खिडकीशी उभ्यानेच वाचलं आणि इतका संताप आला की पोस्टातली बाई म्हणाली, “वाईट बातमी का हो?” मी म्हटलं, “नाही, बहीण.”

तू केटरिंगला गेलीही असशील. माझ्या नवऱ्याची चौकशी करायला! मला न विचारता! तुला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही, कारण तो कमी बोलतो आणि चॅपेलमध्ये गाताना तोंड नुसतं हलवतो. कमी बोलणं हा गुन्हा असेल तर अर्धं लेस्टर तुरुंगात जाईल.

एवढं लिहून मी पत्र मिटणार होते. पण दोन दिवस पाऊस आहे, आम्ही एका शेतकऱ्याच्या घरी अडकलो आहोत, आणि दुसऱ्या कोणाशी बोलायची सोय नाही. म्हणून लिहिते. याचा अर्थ तुझं खरं आहे असा नाही.

पाऊस असो नसो, लेनर्ड रोज सकाळी गोठ्यात जाऊन तिन्ही ब्रेक सुटे करतो, पुसतो आणि पुन्हा बसवतो. काल मी चहा घेऊन गेले तर तार बोटांत धरून नुसता बसला होता. मी आल्याचं त्याला कळलंही नाही. हाक मारली तर दचकला. मग एकदम म्हणाला, “एनिड, समज उतारावर ब्रेक गेले. तू बसून राहशील की उडी मारशील?” मी म्हटलं, “काय अभद्र बोलतोस!” तो म्हणाला, “सांग ना.” मी म्हटलं, “मला काय माहीत? उडी मारीन बहुतेक.” त्याचा चेहरा पांढराफटक पडला, डॉर्कस. “मारू नकोस,” एवढंच म्हणाला. तेही माझ्याकडे न बघता.

सायकलच्या डाव्या पिशवीला हात लावायचा नाही असं त्याने निघतानाच सांगितलं होतं. काल ती ओली झाली म्हणून वाळत घालायला मी उघडली. आत एक छोटं खुरपं आहे आणि ओल्या गोणपाटात बांधलेलं काहीतरी. गाठ सोडायचा धीर झाला नाही. हातात धरल्यावर ते मऊ लागलं. तेवढ्यात तो आला, पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, अगदी हळू, आणि म्हणाला, “थ्रेलपर्यंत थांब.” सायकलवर खुरपं कोण नेतं गं?

उद्या पाऊस उघडला तर निघू. शनिवारी संध्याकाळी वरच्या थ्रेलला मुक्काम. रविवारी सकाळी उतार उतरून खालच्या थ्रेलला जायचं, चर्च सुटायच्या वेळी पोचायचं असं तो म्हणतो. आम्ही तर चॅपेलवाले, चर्चची पायरी न चढणारे. मग त्याला चर्चचं काय?

वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. आणि केटरिंगला काय कळलं ते लिही.

एनिड


लेस्टर
शुक्रवार, ३ ऑगस्ट, सकाळ
(वरचं थ्रेल पोस्ट)

एनिड, बाळा,

उभ्यानेच वाच, पण चेहरा सांभाळ. तो जवळ असेल.

काल मी केटरिंगला गेले. चामड्याच्या कारखान्यामागच्या गल्लीत तो राहायचा. शेजारच्या मिसेस टेबट दारातच वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, “लेनर्ड पास्क इथे राहायचे का?” त्यांनी हातातला वाटाणा टाकला. “कोणी विचारलं बाई त्याला इतक्या वर्षांनी?” त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

आयव्ही त्याची बायको. लग्नाला वर्ष झालं होतं. १९२९ च्या जुलैत टँडेमवर फिरायला गेली ती परत आली नाही. श्रॉपशरमध्ये एका उतारावर मागच्या बैठकीवरून पडली आणि जागीच गेली. त्याला खरचटलंही नाही. “खरचटलंही नाही,” त्या दोनदा म्हणाल्या. तिला इकडे आणलंसुद्धा नाही, तिकडेच पुरली. दोन महिन्यांत त्याने गाव सोडलं, कोणाला पत्ता दिला नाही. मी उताराचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, “थ्रेल की फ्रेल, असंच काहीतरी.”

मग तुझं पत्र आज आलं. गोणपाट. खुरपं. उडी मारशील का हा प्रश्न.

पोलिसांकडे जाऊन आले. साहेब म्हणाले, “बाईसाहेब, नवरा सायकलचे ब्रेक पुसतो ही तक्रार आहे का?” आणि शेजारचा शिपाई हसला. आयव्हीची आई अजून केटरिंगला आहे, मिसेस लोझबी म्हणून, पण ती घरी नव्हती. तिच्या दारात चिठ्ठी टाकून आले आहे. पण तिच्या उत्तराची वाट बघत बसायला आता वेळ नाही.

तर नीट ऐक. त्या सायकलवर बसूच नकोस. पोट दुखतंय म्हण, पाय मुरगळला म्हण, आणि तिथेच थांब. मी मंगळवारी पहिल्या गाडीने निघते. सुटीमुळे उद्यापासून सोमवारपर्यंत त्या बाजूला गाडी नाही, आणि आजची निघून गेली, नाहीतर आजच निघाले असते.

आणि बसावंच लागलं तर हे लक्षात ठेव. मोठ्या उताराच्या तोंडाशी सायकल क्लबांनी लाल पाटी लावलेली असते: “सायकलस्वारांनी उतरून चालावे.” एरवी तुला ओढ्याकाठी सुद्धा उतरवणारा माणूस त्या पाटीपाशी उतरला नाही, सायकल पुढे काढली, तर तो काय करणार ते तुला कळेल. मग वेग यायच्या आत उडी मार. डाव्या बाजूला, गवतावर. हातपाय मोडले तरी चालतील. त्याला सांगू नकोस, विचारू नकोस, उडी मार.

तुझा हात धरून मी तुला चालायला शिकवलं. या वेळी माझं ऐक.

डॉर्कस


लेस्टर
रविवार, ५ ऑगस्ट, दुपार
(खालचं थ्रेल पोस्ट)

एनिड,

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. मिळेल ना? तू येऊन ते घेशील, मागे तो उभा असेल, आणि तू म्हणशील, डॉर्कस म्हणजे एक नंबरची वेडी. तसं म्हण. जन्मभर म्हण.

आज चॅपेलहून आले तर दाराशी एक म्हातारी बसलेली. काळी टोपी, हातात माझी चिठ्ठी. मिसेस लोझबी. आयव्हीची आई. सकाळच्या बसने आल्या. मी त्यांना चहा दिला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. म्हणाल्या, “टेबटबाईंनी तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत आहे. आता माझं ऐका.”

त्या उतारावर ब्रेकची तार तुटली. लेनर्डने दोन्ही पाय रस्त्याला घासून सायकल धरली होती, त्याच्या बुटांचे तळवे फाटले. अजून शंभर पावलं गेली असती तर खाली गवताचा सपाट तुकडा होता. पण आयव्ही घाबरली आणि तिने उडी मारली. दगडी भिंतीवर आपटली. मागचं ओझं गेल्यावर सायकल वळली आणि तो गवतात पडला, म्हणून वाचला. “खरचटलं नाही म्हणे!” मिसेस लोझबी म्हणाल्या. “माझ्या घरी तो सहा आठवडे काठीने चालत होता.” आयव्हीला खालच्या थ्रेलच्या चर्चच्या आवारात पुरलं, कारण त्या उन्हात इतक्या लांब आणणं जमलं नाही. त्याने गाव सोडलं ते टेबटबाईंसारख्यांच्या जिभेमुळे. पण दर नाताळला तो लोझबींकडे जातो, त्यांची चूल दुरुस्त करतो, कोळसा भरून देतो. पाच वर्षांत एकदाही चुकला नाही.

तुझ्याबद्दल त्याने त्यांना सगळं सांगितलं होतं. नोंदवहीत “विधुर” लिहायला त्याचा हात वळला नाही, तेही सांगितलं. त्यांनी त्याला फैलावर घेतलं. “पोरीला सांग, नाहीतर मी सांगते.” तो म्हणाला, “इथे तोंडातून शब्द निघत नाही, आई. तिला तिकडे नेतो. एकदा तो उतार नीट उतरलो, की खाली आयव्हीपाशी उभा राहून सांगतो.” त्यांनी त्यांच्या अंगणातल्या, लवंगेसारख्या वासाच्या लवंगी गुलाबाची मुळं गोणपाटात बांधून दिली. खुरपंही त्यांचंच. कबरीवर लावायला.

हे ऐकून मी उठले आणि टोपीसुद्धा न घालता मोठ्या पोस्टापर्यंत धावत गेले. मिसेस लोझबी माझ्या खुर्चीशेजारी तशाच बसून राहिल्या. पोस्टातला माणूस म्हणाला, खेड्यातली तारघरं आता मंगळवारीच उघडतील. पोलिसांकडे गेले तर तेच साहेब. “परवा म्हणालात तो घातकी आहे. आज काय?” मी म्हटलं, तो चांगला माणूस आहे. ते म्हणाले, “मग झालं तर. घरी जा.”

दोन वाजले आहेत. चर्च केव्हाच सुटलं असेल. तुम्ही सकाळीच उतरला असाल. मी इथे बसून स्वतःला सांगते आहे की तू माझं कधी ऐकलंस? टोपी नाही, लग्न नाही, शिवणकामाचा क्लास नाही. सांगितलं त्याच्या उलट करायचं, ही तुझी सवय. देवा, आज तिने तसंच केलेलं असू दे.

चुकले गं मी. माझी भीती तुझ्या गळ्यात बांधली. पत्र मिळताच तार कर, ती येईपर्यंत मी इथून हलत नाही. दोनच शब्द पुरतील.

डॉर्कस


खालचं थ्रेल, छोटा दवाखाना
गुरुवार, ९ ऑगस्ट

डॉर्कस,

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. हे इथली नर्स लिहून घेते आहे. तिला सगळं माहीत आहे, त्यामुळे तिच्यापुढे लाजायचं कारण उरलेलं नाही.

तुझं शुक्रवारचं पत्र मला शनिवारी संध्याकाळी मिळालं. चेहरा सांभाळायला सांगितलं होतंस, मी सांभाळला. त्याने विचारलं, “बहीण बरी आहे ना?” मी म्हटलं, “तुला नमस्कार सांगितलाय.” तो एवढा खूश झाला की मला आणखी भीती वाटली.

सकाळी मी पोट दुखतंय म्हणाले. तो म्हणाला, “मग चर्च चुकेल. पण राहू दे, उद्या जाऊ.” माझ्यासाठी गरम विटकर फडक्यात गुंडाळून आणली, आणि खिडकीशी उभा राहून रस्त्याकडे बघत राहिला. त्याची पाठ मला ओळखीची आहे. अर्ध्या तासाने मीच म्हटलं, बरं वाटतंय, चल. का म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही. तुझ्या पत्रावर माझा विश्वास होता, आणि त्या पाठीवरही होता.

लाल पाटीपाशी तो थांबला. खाली उतरला, पाटी वाचली, टोपी काढली. मला वाटलं, सुटले. मग तो मागे आला आणि माझ्या धरायच्या दांडीवर हात ठेवून म्हणाला, “एनिड, हा एकच उतार मला बसून उतरू दे. माणूस चालेल त्याहून हळू नेतो. तिन्ही ब्रेक तूच ओढून बघ.” मी ओढून बघितले. तो म्हणाला, “खाली गेलो की तुला काहीतरी सांगायचं आहे. ते ऐकल्यावर कदाचित तुला माझ्याबरोबर परत यावंसं वाटणार नाही.” आता तुला कळतं तो काय म्हणत होता. मला तेव्हा दुसरंच कळलं. तू लिहिलेलं कळलं.

तो बसला. सायकल पुढे निघाली. खरंच हळू, डॉर्कस. शेजारून चालणाऱ्या माणसाने आम्हाला मागे टाकलं असतं. तिन्ही ब्रेक कुरकुरत होते, आणि तो दर चार पावलांना म्हणत होता, “बसली आहेस ना?” मी म्हणायची, “हो.” चौथ्यांदा मी हो म्हटलं आणि उडी मारली. डाव्या बाजूला, गवतावर. तू सांगितल्याप्रमाणे.

मला फार लागलं नाही. मनगट मोडलं आणि खांदा निखळला. त्याने आधी हाक मारली. ती माझ्या नावाची नव्हती, तिच्या नावाची होती. मग मागे वळून बघितलं. अंगाने वळला, आणि मला बघायला एक हात सोडला. त्या जागी उतार छपरासारखा आहे. मागचं ओझं गेलेलं, सायकल तिरकी, आणि हात एकच. उताराखालच्या पुलाच्या कठड्यावर आदळेपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता. मी उठून बसले, ते त्याने पाहिलं असावं असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात, त्याला काही कळलं नसेल. तिन्ही ब्रेक शाबूत होते. लोहाराने कॉन्स्टेबलसमोर ओढून दाखवले.

तुझं रविवारचं पत्र मंगळवारी पोस्टातल्या बाईने स्वतः दवाखान्यात आणून दिलं. लवंगी गुलाब, खुरपं, सगळं मी वाचलं. नर्स म्हणाली, रडा. मला तेव्हा रडू आलं नाही.

चौकशीत विचारलं, “उडी का मारलीत?” मी म्हटलं, “भीती वाटली.” “कशाची?” मी म्हटलं, “उताराची.” त्यांनी तसं लिहून घेतलं. तुझं नाव मी घेतलं नाही, आणि घेणारही नाही. तू पत्र लिहिलंस, पण पाय माझे होते.

कॉन्स्टेबलने मंगळवारी सकाळी तुम्हा दोघींना तार केली, आणि मिसेस लोझबी त्याच रात्री आल्या. लेनर्डला आयव्हीशेजारी जागा मिळावी म्हणून पाद्रीबाबांशी त्याच बोलल्या. बुधवारी दफन झालं. त्या रोज माझ्या खाटेशी बसून विणतात. मी उडी का मारली, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. काल मीच सांगायला लागले तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “माझ्या पोरीनेही मारली होती, बाळ.” तेव्हा मला रडू आलं. शनिवारी मी त्यांच्याबरोबर केटरिंगला जाते आहे.

तू तार केलीस की मला घ्यायला येतेस. येऊ नकोस. तुझ्यावर राग नाही, असं आधी लिहायला सांगितलं होतं, पण ते खोडायला लावलं. खरं वेळेवर न सांगितल्यामुळे एक माणूस गेला, आता आणखी खोटं नको. मला राग आहे. तू माझं भलं बघत होतीस हे मला माहीत आहे, आणि तरी राग आहे. तुझं तोंड बघायची ताकद आली की मी स्वतः येईन. वर्ष लागेल, दोन लागतील, माहीत नाही.

तोवर मला लिहूही नकोस, डॉर्कस. तुझं पत्र आलं तर मी ते उघडीन. आणि तू त्यात जे सांगशील, ते मी ऐकेन. त्याचीच मला आता भीती वाटते.

एनिड पास्क